राघू कोण आणि मैना कोण?

गाय, शेळी, कोंबडी यांच्याबद्दल आपण इथे नेहमीच बोलतो. आज बोलू या पिंजऱ्यातल्या छोट्या रंगीत पोपटांबद्दल. हिरवे, पिवळे, निळे, चिमणीपेक्षा थोडे मोठे. बाजारात यांना ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, पण त्यांचं खरं नाव बजरीगर. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला वेगळाच पोपट.

आपल्यातल्या काही जणी हौस म्हणून बजरीगर पाळतात, काही जणी पिल्लं विकून चार पैसे मिळवतात. विकणारा सांगतो, “ताई, नर-मादीची जोडी आहे.” मग वर्ष जातं आणि अंडीच येत नाहीत. कुठे अंडी येतात, पण एकही फुटत नाही. कुठे दोघांची रक्त निघेपर्यंत मारामारी होते. बऱ्याचदा कारण एकच असतं, जोडीतले दोन्ही नर तरी असतात किंवा दोन्ही माद्या तरी. म्हणून नर-मादी आपल्याला ओळखता यायला हवी.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण सहज ‘राघू-मैना’ म्हणतो आणि मैना म्हणजे पोपटाची मादी असं धरून चालतो. तसं नाही. मैना हा साळुंकीच्या कुळातला वेगळा पक्षी आहे. राघूची जोडीदारीणसुद्धा पोपटच असते.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या रानातला हिरवा, लाल चोचीचा पोपट घरी पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणी पिल्लू दाखवून म्हणालं, “हा राघू आहे, चांगला बोलेल,” तर समजून जा. या पोपटाच्या नराच्या गळ्यावर काळा-गुलाबी पट्टा असतो, पण तो साधारण तिसऱ्या वर्षी उमटतो. तोवर नर आणि मादी सारखेच दिसतात. म्हणजे ते पिल्लू राघू आहे की नाही, हे विकणाऱ्यालाही बघून सांगता येत नाही. वर ते पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढून आणलेलं असतं. असं पिल्लू विकत घेऊ नका. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तिथे कळवा. बजरीगर पाळायला मात्र बंदी नाही.

आता वागण्याकडे येऊ. बडबड्या कोण असेल? इथे बायकांची चेष्टा करणाऱ्यांची पंचाईत होते, कारण बजरीगरांमध्ये बडबड्या असतो नर. तो तासन्‌तास किलबिल करतो, डोकं वरखाली हलवतो, दांडीवर चोचीने टकटक करतो. मादीजवळ सरकून तिच्या चोचीला चोच लावतो आणि पोटातला दाणा वर काढून तिला भरवतो. आरसा दिसला की त्याच्याशीही गप्पा मारतो. शब्द शिकवले तर बहुधा नरच लवकर शिकतो.

मादीचा आवाज कमी, पण रुबाब जास्त. ती लाकूड, पुठ्ठा, दांडी कुरतडत राहते. मडक्याचं भोक, अंधारा कोपरा दिसला की आत डोकावते. जागेवरून भांडते आणि चावली तर नरापेक्षा जोरात चावते. यात तिचा दुष्टपणा नाही. घरटं शोधायचं, ते कोरून नीट करायचं, राखायचं आणि अंड्यांवर बसायचं, ही सगळी कामं तिचीच असतात.

पण फक्त वागण्यावर विसंबू नका. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांनाही भरवतात. दोन माद्याही जोडीसारख्या चिकटून राहतात. नवीन आणलेला पक्षी बुजलेला असतो, म्हणून काही दिवस गप्प बसतो. आजारी पक्षीही गप्प असतो. गप्प दिसला म्हणजे मादी, असं ठरवू नका.

म्हणून वागण्याच्या जोडीला नाक बघा. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मांसल पट्टी असते. मोठ्या नराची ती गडद निळी असते. मादीची पांढरट किंवा बदामी असते आणि अंड्यावर येते तेव्हा तपकिरी, खडबडीत होते. पट्टी फिकट निळसर आहे, पण नाकपुड्यांभोवती पांढरी कडी आहेत, तर ती मादीच.

दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू. त्याच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात आणि नाक गुलाबीसर असतं. रेघा मागे सरकेपर्यंत थांबा. दुसरं, लाल डोळ्यांचे पूर्ण पिवळे किंवा पूर्ण पांढरे पक्षी. यांच्या नराचं नाक मोठेपणीही गुलाबी-जांभळटच राहतं. आणि निळ्या नाकाच्या जुन्या नराचं नाक तपकिरी होऊ लागलं, तर तो मादी झाला असं नव्हे. पोटात गाठ असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

हे ओळखणं फक्त विक्रीसाठी नाही, मादीच्या जिवासाठीही आहे. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तशीच ही मादीही नराशिवाय अंडी घालू शकते. घरात ‘राघू’ समजून एकटी ठेवलेली मादी अंड्यावर आली, तर कुणाच्या लक्षातच येत नाही. अंगात कॅल्शियम कमी असेल तर अंडं आत अडकतं. मग ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, कळा देते, दर श्वासाला शेपटी हलते. हे दिसलं की तिला ऊब द्या आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, अंडं आत फुटलं तर ती मरते. हे टाळण्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेस कायम टांगून ठेवा, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. उकळून वाळवलेल्या अंड्याच्या कवचाची पूडही चालते.

जोडी नक्की झाली तरी घाई नको. दोघंही साधारण वर्षाचे झाल्यावरच मडकं लावा. मादी एक दिवसाआड अंडं घालते, चार ते सहा अंडी होतात. १८ दिवसांच्या आसपास पिल्लू बाहेर येतं आणि पाच आठवड्यांत मडकं सोडतं. पाच-सात दिवसांची अंडी अंधारात बॅटरीच्या उजेडात धरून बघा, कोंबडीच्या अंड्यात बघतो तसंच. लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरलंय. एकाही अंड्यात शिरा नसतील, तर जोडीत दोन माद्या तर नाहीत ना, हे पुन्हा तपासा. वर्षात दोन वेळापेक्षा जास्त अंडी घेऊ नका, दुसऱ्या खेपेनंतर मडकं काढून ठेवा. मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील तर जास्तीची मादी ठेवू नका. तिला नर मिळत नाही, मग ती दुसरीच्या मडक्यात घुसते आणि अंडी-पिल्लं मारते.

शेवटी एक सोपं काम. नवीन पक्षी आणला की १५ दिवस त्याला रुळू द्या. मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं लांबून बघा आणि गटाच्या वहीत लिहा: कोण बडबडतं, कोण भरवतं, कोण कुरतडतं, नाकाचा रंग कसा आहे. सात दिवसांच्या नोंदी आणि नाक एकच गोष्ट सांगत असतील, तरच जोडी समजा आणि विकतानाही तेवढंच सांगा. जुळत नसतील तर पिल्लू मोठं होईपर्यंत थांबा, नाहीतर डॉक्टरांना विचारा. पिसावरून प्रयोगशाळेत नर-मादीची तपासणीही होते. गिऱ्हाइकाला खरी जोडी मिळाली, तर ते पुढच्या वेळी तुमच्याच दारात येईल.