दिव्यांना निरोप द्यायला वीज किती?

वर्गातला दिवा लावायचा म्हणजे बटण दाबायचे, एवढेच आपल्याला ठाऊक. पण मोठ्या इमारतींत आता प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येतो. तू निम्मा जळ, तू विझ! यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीचे नाव 'डाली'. वीज नेणाऱ्या तारांखेरीज आणखी दोन तारा सगळ्या दिव्यांतून फिरवतात. त्यांच्यात सुमारे 16 व्होल्टचा दाब असतो आणि त्यांतून फक्त निरोप जातात.

निरोप द्यायची युक्ती मोठी गमतीची आहे. बोलणारे यंत्र त्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडते. दाब कोसळतो, सोडताच पुन्हा चढतो. या चढउतारांतूनच निरोप तयार होतो. म्हणजे येथे बोलणे म्हणजे चक्क शॉर्टसर्किट करणे! घरात असे केले तर फ्यूज उडेल. म्हणून या तारांना वीज पुरवणाऱ्या पेटीतून 250 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह कधीच निघता कामा नये, असा नियम आहे. 'कमी पडू नये म्हणून मोठी पेटी घ्या' हा नेहमीचा शहाणपणा येथे चालत नाही. दोन पेट्या जोडून 500 केले, तर बोलणाऱ्या यंत्राचाच ट्रान्झिस्टर जळायचा.

आता बारामती तालुक्यातल्या सुप्याचे उदाहरण घेऊ. समजा, तेथील एका शाळेत असे 60 दिवे आणि खोलीत कोणी आहे की नाही हे ओळखणारे 15 सेन्सर बसवायचे आहेत. एका जोडीवर 64 दिवे चालतात, तेव्हा संख्येची अडचण नाही. प्रवाहाचे काय? दिवा जास्तीत जास्त 2 मिलिअँपिअर घेतो, म्हणून 60 × 2 = 120. सेन्सरांची भूक निरनिराळी असते. आपले प्रत्येकी 10 घेतात असे धरू. 15 × 10 = 150. बेरीज 270. गाडी अडली!

पेटी जास्त प्रवाह देत नाही, त्यामुळे दाब घसरतो. तो 6.5 व्होल्टच्या खाली जाऊन अर्धा सेकंद तसाच राहिला, की दिव्यांना वाटते तार तुटली. मग, वेगळे सांगून ठेवले नसेल तर, ते सगळे पूर्ण तेजाने पेटतात. अंधारापेक्षा उजेड बरा, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. पण सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, तेथे चिंकारा हरणे राहतात. मध्यरात्री 60 दिव्यांचा झगमगाट त्यांना कशाला? शिवाय विजेचे बिल आहेच.

उपाय सोपा आहे. तारांच्या दोन स्वतंत्र जोड्या करायच्या, प्रत्येकीला आपली पेटी. एकीवर 30 दिवे व 8 सेन्सर, म्हणजे 140. दुसरीवर 30 दिवे व 7 सेन्सर, म्हणजे 130. पुढे खोल्या वाढल्या तरी जागा उरते.

तारेची जाडीही तपासावी लागते, कारण वाटेत 2 व्होल्टपेक्षा जास्त दाब गमावून चालत नाही. तांब्याची रोधकता 1.7 × 10⁻⁸ ओहम-मीटर. 300 मीटर अंतर म्हणजे जाऊन येऊन 600 मीटर. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध 6.8 ओहम येतो. 0.25 अँपिअरने गुणले की 1.7 व्होल्ट. निभावले! 1 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर काय होईल, ते वहीत सोडवून पाहा.