पोळपाटाच्या मापाने लेथ

घरच्या कार्यशाळेसाठी लाकूड कातण्याचा लेथ निवडताना विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील सर्वांत ठळक आकडा, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, हाच बहुधा हौशी ग्राहकाला भुरळ घालतो. वास्तविक यंत्राची लायकी कळते ती त्याच्या सर्वांत कमी वेगावरून आणि वजनावरून. लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या सावंतवाडीच्या चितार आळीत चालू लेथजवळ थोडा वेळ उभे राहिले तरी हे ध्यानात येते. तेथील एका जुन्या यंत्राला ना चकचकीत रंग आहे ना वेग दाखवणारा पडदा. मात्र जाड तुळयांवर बोल्टांनी आवळलेला त्याचा सांगाडा ओबडधोबड ठोकळा फिरवतानाही जागचा हलत नाही. कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला धरते, किंचित गोडसर, जळकट वास सुटतो आणि मग केवड्याच्या पानाने तो थर घोटला जातो. यंत्र थरथरत असते तर कांडीने उड्या मारल्या असत्या आणि रंग एकसारखा बसला नसता.

वेगाविषयी याच कारागिराचा हिशेब सुटसुटीत आहे: दहा इंचाला सहाशे. कातकामाच्या पुस्तकांत लाकडाचा इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान ठेवावा असा जो ढोबळ नियम सांगितलेला असतो, त्याची खालची मर्यादा नेमकी हीच आहे. आणि ठोकळा अजून गोल झालेला नसेल, तर याहूनही सावकाश सुरुवात करावी लागते. भारतातील 50 हर्ट्‌झच्या विजेवर चालणारी नेहमीची चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते. तिच्यावर 2 इंची आणि लेथच्या दांड्यावर 5 इंची पुली असेल, तर लाकडाला 576 फेरे मिळतात, म्हणजे दहा इंचाला सहाशेच्या जवळपास. केवळ विजेच्या नियंत्रकाने वेग उतरवणाऱ्या स्वस्त यंत्रात मात्र वेगाबरोबर जोरही ओसरतो आणि पटाशी जरा खोल गेली की लाकूड थबकते. म्हणून नियंत्रक असला तरी पट्टा बदलण्याच्या दोन-तीन पायऱ्या असलेले यंत्र अधिक भरवशाचे.

आकाराचा प्रश्न पोळपाट-लाटण्यावर सोपवला तर लवकर सुटतो. ‘स्विंग’ म्हणजे यंत्रात फिरू शकणाऱ्या लाकडाचा कमाल व्यास. तो दांड्याच्या मध्यापासून खालच्या पाटापर्यंतच्या अंतराच्या दुप्पट असतो. तयार पोळपाट नऊ-दहा इंचांचा धरला, तरी कच्चा ठोकळा त्याहून मोठा असतो, त्यामुळे दहा इंची स्विंग कागदावर पुरेसा दिसून हातात अपुरा पडतो आणि बारा इंची घेणेच शहाणपणाचे ठरते. लाटण्यासाठी दोन टोकांमधील अंतर सोळा-अठरा इंच असले की भागते. तीन फुटी पाटाचा मोह खुर्च्यांचे पाय कातणाऱ्यालाच परवडतो, इतरांच्या घरी तो नुसती जागा अडवतो. पाट ओतीव बिडाचा असावा, कारण बीड थरथर जिरवते. पत्र्याच्या पायांवरचे हलके यंत्र वाळूच्या पोत्यांनी दाबून सुधारते, पण एका मर्यादेपर्यंतच.

दांड्याचे आतले भोक ‘मोर्स टेपर क्रमांक 2’ या प्रमाणित निमुळत्या मापाचे असले की त्यात बसणारी टोके सहज मिळतात. बाहेरचा आटा मात्र आधीच विचारून घ्यावा. 1 इंच व्यासाच्या आणि इंचाला 8 आट्यांच्या दांड्यावर 33 मिलिमीटरचा युरोपीय चक, म्हणजे लाकूड पकडणारा जबडा, सरळ बसत नाही. चक, पटाश्या, त्यांना धार लावण्याचे यंत्र आणि चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल यांचा खर्च वेगळा, तेव्हा सगळे पैसे लेथवरच उधळणे बरे नव्हे.

जुने यंत्र घेताना वीज बंद ठेवून दोन्ही बाजूंची टोके एकमेकांजवळ आणून पाहावीत, आणि दांडा हाताने वरखाली ढकलून बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो का ते तपासावे. खेळ असल्यास बेअरिंग बदलता येते. टोके मात्र जुळत नसतील आणि हेडस्टॉक, म्हणजे दांडा धरणारा भाग, पाटावर सरकवून बसवण्याजोगा नसेल, तर त्या यंत्रावर टेलस्टॉकमधून, म्हणजे समोरच्या टोकाच्या भागातून, पाडलेले भोक मधोमध जात नाही, मग किंमत कितीही उतरवली तरी सौदा टाळलेलाच बरा.