फडणिशीची विद्या

जमाखर्च हे कारकुनाचे काम, त्यात संशोधन ते कसले, असे आपल्याकडील सुशिक्षितही मानतात. ज्या मुलखात फडणिशीने राज्य सांभाळले तेथे ही समजूत रुजावी, हे नवलच! मुंबई विद्यापीठाचे पदवीधर डॉ. श्रीकांत दातार यांनी १९८५ साली स्टॅनफर्डची डॉक्टरेट मिळविली. १९९६ पासून ते हार्वर्डमध्ये असून २०२१ पासून तेथील व्यवसाय-विद्यालयाचे अधिष्ठाते आहेत. २०२१ चा ‘पद्मश्री’ किताबही त्यांना लाभला. पण पदे नि किताब यांपेक्षा त्यांचा एक निष्कर्ष आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. महेंद्र गुप्ता यांच्यासमवेत १९९४ साली त्यांनी दाखवून दिले की, उत्पादनखर्चाची हिशेबव्यवस्था अर्धवट सूक्ष्म केली, तर चूक घटण्याऐवजी वाढूही शकते. कारण एका जागची चूक पुष्कळदा दुसऱ्या जागच्या चुकीला छेद देत असते. एकच दुरुस्त केली की दुसरी मोकाट सुटते. संगणकाने छापलेला प्रत्येक आकडा वेदवाक्य मानणाऱ्या आमच्या कारखानदारांनी आणि सहकारी संस्थांच्या चालकांनी हे ध्यानी घ्यावे. रायापूरवरून हुबळीला वा धारवाडला जाणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मालाचा उत्पादनखर्च काढावयास शिकतो. तो आकडा फसवा केव्हा निघतो, हे त्याला कोण शिकविणार?