एकमेकांकडून शिकू जीवशास्त्र

● उगम : मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातील शाळांत ‘जिगसॉ’ ही गटपद्धत सुरू केली.

● पद्धत : ‘रक्ताभिसरण’ हा पाठ घ्या. गटातला एक जण हृदय अभ्यासतो, दुसरा रक्तवाहिन्या, तिसरा रक्तपेशी. वेगवेगळ्या गटांतली समान विषयाची मुले आधी एकत्र बसून शंका सोडवतात, मग आपापल्या गटात परतून शिकवतात.

● पुरावा : कोलोराडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गावरील २००९च्या अभ्यासात, गटात आधी कुणालाच उत्तर येत नसतानाही चर्चेनंतर बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढले.

● अट : काम गटाचे असले, तरी चाचणी प्रत्येकाची स्वतंत्रच हवी. नाहीतर एकटी हुशार मुलगी राबते आणि बाकीचे तिची वही उतरवून घेतात.