अद्भुत कथेचे पुस्तक

बोलणारा पोपट, आकाशातून जाणारा पलंग, सात समुद्रांपलीकडील राजकन्या यांच्या गोष्टी ज्याने ऐकल्या नाहीत असा मुलगा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. धुळ्याच्या देवपुरात, पांझरेच्या काठी, आजी या गोष्टी अहिराणी बोलीत सांगते. कोकणातील आजी त्याच गोष्टी आपल्या बोलीत सांगते. कानांनी ऐकावयाची आणि तोंडाने पुढे सांगावयाची, एवढाच या गोष्टींचा प्रवास. परंतु एखादा लेखक अशी अद्भुत कथा स्वतःच्या मनाने रचतो, शेकडो पाने लिहून काढतो आणि ती छापून आपल्या हाती येते, तेव्हा तिचा प्रवास किती लांबचा व कष्टाचा असतो बरे!

अशा विस्तृत कल्पित कथेस आपण कादंबरी म्हणतो. हा शब्दच मुळी एका अद्भुत कथेने आपणांस दिला आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात 'कादंबरी' नावाची गद्यकथा लिहिली. शूद्रक राजाच्या दरबारात आणलेला एक पोपट तीत कथा सांगतो. बाणभट्टाच्या हातून ती पुरी झाली नाही. त्याच्या पुत्राने ती पूर्ण केली. तिच्या नायिकेचे नाव पुढे मराठीत या सबंध वाङ्मयप्रकारास मिळाले.

मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांतही अद्भुताचेच राज्य होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली. आपण अद्भुताकडे का वळलो, हे रिसबुडांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मन वेधून घेण्याजोगे काही घडत नाही. तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचा आश्रय करणे भागच पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हते. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून हरि नारायण आपटे यांनी साध्या घरांतील सुखदुःखे सांगितली आणि वाचक ती तन्मयतेने वाचू लागले. रोजच्या जीवनातही कथा असते, हे तेव्हा सिद्ध झाले. मग अद्भुत कथेची गरज संपली काय? तसे मुळीच झाले नाही. ती पुन्हा आली, आणि तिला मराठी वाचकांच्या घरोघरी नेणाऱ्यांत नाथमाधव हे एक प्रमुख लेखक होते.

नाथमाधव हे त्यांचे टोपणनाव. मूळ नाव द्वारकानाथ माधव पितळे. त्यांचा जन्म १८८२ साली झाला. तरुणपणी ते मुंबईस नोकरी करीत. त्यांना शिकारीचा छंद होता. १९०५ साली ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला; परंतु कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. ज्याला डोंगरदऱ्या तुडविण्याची आवड, त्याला अवघ्या तेविसाव्या वर्षी अंथरुणास खिळावे लागले!

अशा वेळी मनुष्य खचून गेला तर त्यास कोण दोष देईल? नाथमाधवांनी मात्र पुस्तके जवळ केली. पडल्या पडल्या त्यांचे वाचन वाढले आणि वाचता वाचता स्वतः लिहावे, अशी ऊर्मी मनात उठली. अपघातास तीन वर्षे होतात न होतात तोच, १९०८ साली, त्यांची पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' प्रसिद्ध झाली. ती काही अद्भुत कथा नव्हती. एका पुस्तकावर ते थांबले नाहीत. हात बसत गेला, आणि १९१३ साली त्यांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी वाचकांपुढे आली. शूर नायक, संकटे आणि साहसे यांनी भरलेल्या या कथेने वाचकांच्या अनेक पिढ्यांना वेड लावले. पुढे त्यांनी शिवकालावरही कादंबऱ्यांची माला लिहिली. १९२८ साली त्यांचा अंत झाला. ज्याचे पाय हलत नव्हते, त्याने हजारो वाचकांना साहसांच्या वाटेवर हिंडवून आणले!

लेखकाने शेवटची ओळ लिहिली म्हणजे पुस्तक झाले असे नव्हे. हस्तलिखित प्रकाशकाकडे जाते. कधी ते परत येते. लेखक ते सुधारतो आणि पुन्हा पाठवितो. ते स्वीकारले गेले म्हणजे छपाई आली. नाथमाधवांच्या काळी जुळारी शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. मग कच्चा छाप काढीत. त्यास मुद्रित म्हणतात. मुद्रित तपासताना काना सुटला की वेलांटी चुकली, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे. आज खिळे गेले व संगणक आला. पण मुद्रित तपासण्याचे काम काही टळलेले नाही.

पुस्तक छापावे की न छापावे, हे ठरविणे प्रकाशकासही सोपे नसते. या बाबतीत इंग्लंडमधील एक हकीकत मोठी गमतीची आहे. टॉल्किन नावाचे एक प्राध्यापक उत्तरपत्रिका तपाशीत असता त्यांना एक कोरे पान लागले. त्या पानावर त्यांनी बिळात राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याविषयी एक वाक्य सहज लिहून ठेवले. त्या एका वाक्यातून पुढे 'हॉबिट' ही अद्भुत कथा वाढली. हस्तलिखित प्रकाशकाकडे गेले, तेव्हा त्याने ते आपल्या दहा वर्षांच्या मुलास वाचावयास दिले आणि अभिप्रायाबद्दल एक शिलिंग देऊ केला. मुलाने पुस्तक चांगले असल्याचा निर्वाळा दिला. १९३७ साली ते छापले गेले आणि जगभर वाचले जाऊ लागले. म्हणजे त्या पुस्तकाचा पहिला परीक्षक तुमच्याहूनही लहान होता!

अद्भुत कथेत काहीही लिहिले तरी चालते, असा पुष्कळांचा समज असतो; पण तो खरा नाही. पलंग उडाला तरी चालेल. मात्र त्यावर बसलेल्या मुलाला वाटणारी भीती खरी असली पाहिजे. जादूच्या राज्यालाही नियम हवेत. आरंभी जो मंत्र तीनदाच चालतो असे सांगितले, तो अखेरीस चौथ्यांदा चालला, तर वाचकाचा विश्वास तात्काळ उडतो. म्हणूनच अशी कथा लिहिणाऱ्याने पुष्कळ वाचावे लागते, माणसे नीट पाहावी लागतात आणि लिहिलेले पुन्हा पुन्हा खोडावे लागते. कल्पनेला पंख असतात हे खरे. पण त्या पंखांत बळ येते ते श्रमानेच.

मुलांनो, आजीने सांगितलेली एखादी गोष्ट आठवा आणि ती तिच्याच बोलीत वहीत लिहून ठेवा. जेथे विसरला असाल, तेथे आजीला विचारा. तिलाही आठवत नसेल, तर तेवढा भाग स्वतः रचा. त्या रिकाम्या जागी तुमची पहिली ओळ उमटेल.