झाडे लावणाऱ्यांचे राज्य : नेब्रास्का



गुरुजींनी नकाशातल्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. मला ‘नेब्रास्का’ ही चिठ्ठी आली. आधी मला ते नाव धड वाचताच येईना. मग गुरुजींनी समजावून सांगितलं. ती माहिती मी लिहीत आहे.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातले एक राज्य आहे. आपल्याकडे भरदुपार असते तेव्हा तिकडे मध्यरात्र असते. १ मार्च १८६७ रोजी ते अमेरिकेचे ३७ वे राज्य झाले. राजधानी लिंकन. सर्वांत मोठे शहर ओमाहा. पूर्वेच्या सीमेवरून मिसूरी नदी वाहते. महाराष्ट्राचे तीन सारखे भाग केले तर त्यातल्या दोन भागांएवढे ते मोठे आहे. पण २०२० च्या जनगणनेत तिथे वीस लाखही माणसे भरली नाहीत!

आपले जिल्हे तशा तिथे ९३ काउंट्या आहेत. आपल्या राज्यात विधानसभा व विधान परिषद अशी दोन सभागृहे आहेत. अमेरिकेच्या इतर सर्व राज्यांतही दोन-दोन आहेत. नेब्रास्कात मात्र १९३७ पासून एकच सभागृह आहे. त्यात ४९ सभासद बसतात.

समुद्र फार लांब असल्यामुळे तिथे थंडी कडक व उन्हाळाही कडक. हिवाळ्यात बर्फ पडते. पाऊस पूर्वेला सुमारे ७५ सेंटिमीटर, तर पश्चिमेला त्याच्या निम्माच पडतो. मुख्य पीक मका.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. पूर्वी तिथे नुसते गवतच गवत होते. पाऊस कमी व गवताला वणवे लागायचे, म्हणून झाडे फार थोडी. बाहेरून राहायला आलेल्या शेतकऱ्यांना घराला लाकूडच मिळेना. त्यांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या ढेपा कापून भिंती रचल्या. सावली नाही, जळण नाही.

१८५४ साली जे. स्टर्लिंग मॉर्टन नावाचे गृहस्थ तिथे राहायला आले. ते वर्तमानपत्र चालवत. झाडे लावण्यासाठी एक दिवस ठेवावा, असे त्यांनी सुचवले. तो दिवस १० एप्रिल १८७२. जास्त झाडे लावणाऱ्यास बक्षीस होते. त्या एका दिवसात सुमारे दहा लाख झाडे लागली असे सांगतात! १८९५ साली त्या राज्याला ‘झाडे लावणाऱ्यांचे राज्य’ असे नावच मिळाले. पुढे १९४५ साली ते बदलून मक्यावरून दुसरे नाव दिले. पण तो झाडांचा दिवस अजून पाळतात. आपल्या देशात १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला.

गेल्या पावसाळ्यात आम्ही शाळेच्या कडेने बारा रोपे लावली. आता पाचच राहिली आहेत. खरं सांगतो, माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं रोप आमच्याच शेळीनं खाल्लं. मी तेव्हा कुणाला बोललो नाही. यंदा त्याच्या जागी मी दुसरं रोप लावणार आहे, आणि शेळी बांधून ठेवणार आहे.

पालकांना विनंती की त्यांनी एकेक ओझे बाभळीच्या काट्या आणून द्याव्यात. आम्ही कुंपण करू. पाणी आम्ही रोज घालू.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी