बॅटरी बसली, गाडी सुरू होईल, पण पुढे?

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, बॉनेटखाली नुसतं टक-टक वाजतं आणि इंजिन फिरतच नाही. पूर्वी अशा वेळी चार जणांना बोलावून धक्का मारला जाई. ऑटोमॅटिक गियरच्या गाड्या मात्र धक्क्याने सुरू होत नाहीत, आणि जंपर केबलसाठी शेजारी दुसरी गाडी उभी करावी लागते. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तेवढी जागा असतेच असं नाही. म्हणून हातात मावणारा जंप स्टार्टर जवळ असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो गाडी सुरू करतो, बॅटरी बरी करत नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच काही जण त्याला खेळणं समजतात, तर काही जण त्याच्यावर नको तितके विसंबतात.

एवढासा डबा इंजिन फिरवेल कसा, ही शंका रास्त आहे. उत्तर हिशेबात सापडतं. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर साधारण दीडशे अँपिअर करंट ओढतो असं धरू. दहा व्होल्टला ही शक्ती दीड हजार वॅट भरते. आकडा मोठा वाटतो, पण काम दोन सेकंदांचं. एकूण खर्च होणारी वीज एक वॉट-अवरही भरत नाही, म्हणजे वीजबिलातल्या एका युनिटचा हजारावा भागसुद्धा नाही. लिथियम सेल थोडा वेळ जबर करंट देऊ शकतात, म्हणून वीस हजार एमएएचचा, म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवरचा डबा हे काम सहज करतो. उलट गाडीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत भरल्यावर सव्वाचारशे वॉट-अवरच्या आसपास वीज असते. ती या डब्यातून भरून निघणार नाही, हे उघड आहे. ते काम इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरचं, आणि त्यासाठी गाडी निदान अर्धा-पाऊण तास तरी पळवावी लागते.

लिथियमचा डबा धोक्याचा नाही का, हा दुसरा आक्षेप. चुकीचा वापर केला तर आहेच. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला लावावा आणि काळा शक्यतो इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याला पुरेशी असते. काढताना आधी काळा. चांगल्या उपकरणाच्या चिमट्यांत उलट जोडणी ओळखणारं सर्किट असतं. पण बॅटरी पार रिकामी झाली असेल तर उपकरणाला ती जोडलेली आहे हेच कळत नाही. मग लोक ‘बूस्ट’चं बटण दाबतात, आणि बऱ्याच उपकरणांत त्याच क्षणी हे संरक्षण बंद होतं. तेव्हा ते दाबण्यापूर्वी प्लस-मायनस पुन्हा डोळ्यांनी पाहावं. बॅटरी फुगलेली किंवा गळत असेल तर चिमटे लावूच नयेत. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत उपकरण ठेवू नये, घरी आणावं. विकत घेताना खोक्यावरच्या ‘पीक’ अँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो क्षणभराचा असतो. आपल्या इंजिनाला, विशेषतः डिझेलला, ते उपकरण चालेल असं कंपनीने लिहिलंय का ते पाहा.

विम्यासोबत रस्त्यावरची मदत मिळते, मग हा खर्च कशाला, असंही विचारलं जातं. शहरात ते पटण्यासारखं आहे. रात्रीच्या घाटात मदतीची वाट पाहायची वेळ आली तर नाही. मात्र दिवा चालू राहिल्याने एखाद्या वेळी बॅटरी उतरणं वेगळं आणि दर आठवड्याला उतरणं वेगळं. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि तिची ताकद कायमची घटते. अशा बॅटरीला रोज सकाळी डब्याचा टेकू देणं म्हणजे दुखणं लांबवणं. उपकरण दर तीन महिन्यांनी चार्ज करा, आणि बॅटरीला तीन-चार वर्षं झाली असतील तर लांबच्या प्रवासाआधी ती बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टरवर तपासून घ्या. काही मिनिटांचं काम आहे.